मुलांच्या प्रश्नास खरे उत्तर

बारामतीहून दौंडमार्गे आगगाडीने पुण्यास जाताना वाटेत केडगाव लागते. इंदापूरकरांस सोलापूर रस्त्याने जाताना चौफुल्यापासून हेच गाव जवळ पडते. पंडिता रमाबाईंचे मुक्ति मिशन येथे आहे, असे कोणी वडील माणूस सहज बोलून जाते, आणि शेजारी बसलेले सहा वर्षांचे मूल विचारते, "ख्रिस्ती म्हणजे कोण?" दुकानात गिऱ्हाइकास मालाचा भाव चारचारदा समजावून सांगणारे आमचे व्यापारी बंधू या प्रश्नास एका शब्दात वाटेस लावतात: "बाटलेले लोक. गप्प बैस."

हा शब्द मूल विसरत नाही. शाळेत त्याच्याच बाकावर बसणाऱ्या ख्रिस्ती मुलाच्या कानी दुसऱ्या दिवशी तो पडतो, आणि एका वाक्याने दोन मुलांची मैत्री तुटते. मग दोष कोणाचा? विचारणाऱ्याचा खास नव्हे.

धर्माची गोष्ट मुलाशी कशी बोलावी, हा प्रश्न खुद्द रमाबाईंसही सुटला नव्हता. सन 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी व त्यांची चिमुकली कन्या मनोरमा हिने बाप्तिस्मा घेतला. पुढे मनोरमेस धर्माचे कोणते शिक्षण द्यावे, यावरून त्यांचा आपल्या हितचिंतक सिस्टर जेराल्डीन यांच्याशी मतभेद झाला. आईचा अधिकार सोडण्यास रमाबाई तयार नव्हत्या.

परंतु तोच अधिकार दुसऱ्याच्या मुलींच्या बाबतीत पुढे येऊन उभा राहिला. सन 1889 मध्ये स्थापिलेले त्यांचे शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत. काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. सन 1893 मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंची श्रद्धा निष्कपट होती, आणि पालकांची भीतीही निराधार नव्हती, असे आमचे मत आहे. आश्रय देणाऱ्याची प्रार्थना आश्रित बालकास नुसती प्रार्थना राहत नाही. या वादाचे न्याय्य उत्तर आपल्या राज्यघटनेच्या 28 व्या कलमात आहे: सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत अज्ञान विद्यार्थ्यास पालकाच्या संमतीवाचून धर्मशिक्षण वा उपासना यांत सामील होण्यास भाग पाडता येत नाही.

मात्र लादणे निराळे आणि सांगणे निराळे. लादू नये म्हणून सांगूच नये, हा न्याय कोठला? मुलास सरळ सांगावे की, ख्रिस्ती लोक येशूस देवाचा पुत्र मानतात. तो गरिबांत व रोग्यांत वावरला. शत्रूवरही प्रीती करा, असे त्याने शिकविले. त्यास क्रुसावर मारले, पण तिसऱ्या दिवशी तो उठला, अशी त्यांची श्रद्धा आहे. नाताळ हा त्याच्या जन्माचा सण. मोरोपंतांच्या बारामतीस भक्तीची भाषा परकी नाही. यातले काही मुलास अवघड जाणार नाही. "हे खरे का?" असे त्याने पुसलेच, तर "ते असे मानतात, आपण असे मानतो, मोठा झालास म्हणजे तूही विचार कर," एवढे उत्तर पुरे.

ख्रिस्ती आईबापांसही आमची हीच विनंती आहे. "माझा हिंदू मित्र नरकात जाईल का?" असे मूल विचारील, तेव्हा भयाने त्याची श्रद्धा पक्की करू पाहू नये. भीती गेली की तिच्याबरोबर तसली श्रद्धाही जाते.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात वेचली. सन 1922 मध्ये मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधी ते संपले. पंडितांची भाषा ज्यांच्या तोंडास कधी लागली नाही, अशांस कळावे म्हणून संस्कृतात पारंगत अशा बाईने हा खटाटोप केला. त्यांचा धर्म कोणी घ्यावा अथवा न घ्यावा. पण लहानास समजेल असे बोलण्याचा त्यांचा धडा घेण्यास कोणाचाच धर्म आड येत नाही. पुढच्या खेपेस गाडी केडगावास थांबली आणि मुलाने पुन्हा विचारले, तर त्यास गप्प बसवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.