बांधावरचे बिनमजुरीचे मजूर

आपल्याकडे अळी, माशी, भुंगा, पाखरू ही सगळी मंडळी 'कीड' या एकाच शब्दात कोंबली जातात. पिकावर काही हलताना दिसले की शेतकऱ्याचा हात फवारणीच्या पंपाकडे जातो. त्यात त्याचा दोष आहे असे मला म्हणायचे नाही. वर्षाची मेहनत आठ दिवसांत अळीने फस्त केलेली त्याने पाहिलेली असते. परंतु शेतात वावरणारे सर्वच कीटक पीक खात नाहीत. काही कीटक फळ धरायला मदत करतात, तर काही पीक खाणाऱ्यांनाच खातात. या मित्रांची, आणि त्यातही रानमाश्यांची, ओळख करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी; शास्त्राचा माझा अभ्यास बारावीपर्यंतही नाही. तरीपण हा विषय मला परका नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझी फी कांद्याच्या बियाण्यातून येते. ते बियाणे भरते माश्यांमुळे.

मधमाशी म्हटले की आपल्याला पोळे आणि मध आठवतो. उंच झाडाच्या फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच भलेमोठे पोळे टांगणारी आग्या माशी, झुडपात छोटेसे पोळे करणारी फुलोरी, झाडाच्या ढोलीत एकापाठी एक पोळी रचणारी सातेरी, या आपल्या ओळखीच्या. पण जगात मधमाशीच्या कुळातील २०,००० हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या पोळे बांधून मध साठवणाऱ्या अगदी मोजक्या आहेत. बहुतेक जातींच्या माश्या एकट्या राहतात. त्यांच्यात राणी नाही, कामकरी नाहीत. प्रत्येक मादी आपले बिऱ्हाड स्वतः थाटते. बिळात किंवा काडीच्या पोकळीत परागाचा आणि मकरंदाचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे, तोंड बंद करायचे आणि पुढच्या कप्प्याला लागायचे, हा तिचा संसार. पिल्लू पंख फुटून बाहेर येते तेव्हा बहुधा आई जिवंत नसते. अशा माश्यांना राखायला मधाचे कोठार नसते. म्हणून त्या सहसा अंगावर येत नाहीत आणि आपलेही त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

आपल्या शेतात यांतल्या कितीतरी राहतात. काळाभोर, निळसर चमकणाऱ्या पंखांचा जो भुंगा रुईच्या फुलांवर घोंघावतो, तो वाळलेल्या लाकडात नाही तर बांबूत भोक पाडून घर करतो. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापावा तसा अर्धगोल तुकडा नाहीसा झालेला आपण पाहतो. ते काम पाने कातरणाऱ्या माशीचे. ती पान खात नाही, तर त्या तुकड्यांनी पिल्लाची खोली आतून मढवते. तिसरी एक माशी आहे तिच्या पोटावर निळसर पट्टे असतात. ती मातीत किंवा मातीच्या भिंतीत बीळ करते. तिचे नर सूर्य मावळला की गवताची काडी जबड्यात घट्ट धरतात आणि तशीच लोंबकळत रात्र काढतात. भल्या सकाळी निंदणीला गेलेल्या बाईला ते सहज दिसतील.

आता यांचा पिकाशी संबंध काय ते पाहू. बियाण्यासाठी निवडलेले कांदे, ज्यांना आमच्याकडे गोट म्हणतात, ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा जमिनीत लावतात. माघ-फाल्गुनात त्यांना उंच दांड्यावर पांढरे गोंडे येतात. एका गोंड्यात शेकडो बारीक फुले असतात. प्रत्येक फुलात पराग आधी तयार होतो आणि बीजाची बाजू नंतर पिकते. त्यामुळे फुलाला स्वतःचा पराग बहुधा उपयोगी पडत नाही, तो दुसऱ्या फुलावरून यावा लागतो. हे काम वाऱ्याने फारसे होत नाही. ते आग्या, फुलोरी, लहान रानमाश्या आणि फुलमाश्या करतात. त्या आल्या नाहीत तर गोंडा बाहेरून डौलदार दिसतो आणि चोळला की हातात पोचट फोलकटे येतात.

लाल भोपळ्याचे नर-फूल वेगळे आणि मादी-फूल वेगळे. पहाटे उमललेले फूल दुपारच्या आत मिटते. तेवढ्या वेळात माशी आली नाही तर मागची कोवळी फळी पिवळी पडून गळते. आमची आजी नर-फूल तोडून मादी-फुलावर हाताने टेकवते. हे शास्त्र तिला कोणी शिकवलेले नाही. वांग्याची गोष्ट आणखी निराळी आहे. वांग्याच्या फुलातला पराग नळीत बंद असतो आणि टोकाच्या बारीक छिद्रातूनच बाहेर पडतो. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला मिठी मारते, पंख न हलवता अंगाचे स्नायू थरथरवते, आणि पराग मिठासारखा खाली सांडतो. पोळ्यातल्या मधमाशीला ही कला येत नाही. पुण्यात १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था निघाली. मधुमक्षिकापालन वाढले, आणि आज डाळिंबाच्या किंवा कांद्याच्या शेतात पेट्या आणूनही ठेवता येतात. त्यांचा फायदा आहेच. पण पेटीतली माशी रानमाशीचे प्रत्येक काम करील असे नव्हे.

दुसरी मंडळी पिकाची राखण करणारी. ठिपक्याठिपक्यांचा ढालकिडा व त्याची अळी मावा खातात. कुंभारीण माशी मातीचे गाडगे करून त्यात अळ्यांना डंख मारून, बधिर करून भरते. तो तिच्या पिल्लाचा शिधा. या बाबतीत उसावरच्या लोकरी माव्याची हकिकत सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००२ साली सांगली भागात उसाची पाने कापूस चिकटावा तशी पांढरी दिसू लागली आणि हा मावा बघता बघता पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात पसरला. उंच उसात फवारणार तरी किती आणि कशी? अखेर उपयोगी पडली ती डिफा नावाची एक अळी, जिला पुष्कळ शेतकरी कोनोबाथ्रा म्हणत, आणि मायक्रोमस नावाचा एक कीटक. या अळीची पाने एका शेतातून काढून दुसऱ्या शेतात नेऊन लावली गेली. पुढे ईशान्य भारतातून एन्कार्सिया ही चिमुकली परोपजीवी माशीही आणून सोडण्यात आली, आणि मावा आटोक्यात आला. डिफा ही दिसायला साधी अळीच. 'अळी दिसली की मार' या नियमाने चाललो असतो तर आपला वैरी राहिला असता आणि रखवालदार मेला असता.

हे मजूर राहतात कोठे, हा खरा प्रश्न आहे. नांगरट दरवर्षी होते, पीक दर हंगामाला बदलते. त्यामुळे त्यांची घरे असतात ती बांधावर, ओढ्याच्या काठी, पडीक तुकड्यात, वाळलेल्या काड्यांत आणि उघड्या मातीत. रानमाश्यांच्या बहुसंख्य जाती जमिनीत बीळ करतात. त्यांतल्या लहान माश्या घरापासून काही शे मीटरपलीकडे जात नाहीत, मग घर लांब असले तर पीक त्यांना असून नसल्यासारखे. शिवाय कांदा महिनाभर फुलेल, पण उरलेले दिवस त्यांनी काय खावे? तरवड, एकदांडी, बोर, निर्गुडी, रुई ही आपल्या हिशेबी निकामी असलेली झाडेच तेव्हा त्यांना जगवतात. मावा व अळ्या मारणाऱ्या बारीक गांधीलमाश्यांनाही मोठेपणी फुलांचा मकरंद लागतोच.

आणि नेमका हा बांधच आज नाहीसा होत आहे. आपल्याकडे बांध कोरण्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे होतात, तारखा पडतात. आमचे क्षेत्र अडीच एकर. आण्णांचा आणि चुलत्यांचा वाटा जिथे मिळतो तिथला तरवडीचा रुंद बांध जेसीबीने काढावा, दोघांनाही दोन-दोन सऱ्या वाढतील, असे काकांचे म्हणणे आहे. दोन सऱ्या म्हणजे काय हे अडीच एकरवाल्यालाच कळते, त्यामुळे मी काकांना अडाणी म्हणणार नाही. पण रस्त्याकडचा बांध २०२३ सालीच सपाट झाला आहे, आणि गेल्या हंगामात त्या बाजूचे गोंडे तरवडीकडच्या गोंड्यांपेक्षा हलके निघाले, हे मळणीत मी स्वतः पाहिले. एका हंगामावरून नियम सांगता येत नाही. पाणी, जमीन, फुलकिडे ही कारणेही असू शकतील. तरी आण्णांनी ती गोष्ट ऐकून घेतली. 'आणखी एक साल बघू, मग ठरवू,' असे ते काकांना म्हणाले. या वर्षी दोन्ही बाजूंचे बी वेगळे मोजायचे काम माझ्याकडे आहे.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्याला पैसा लागत नाही. पीक फुलावर असताना शक्यतो फवारू नये. फवारणे भागच असेल तर माश्या परतल्यावर, सूर्यास्ताच्या सुमारास फवारावे, आणि त्यांना कमी घातक असलेले औषध कोणते ते आधी विचारून घ्यावे. बांध पेटवू नये. थोडी माती उघडी, थोड्या काड्या उभ्या राहू द्याव्या. बांधाची अदलाबदल करावीच लागली तर निदान ओढ्याकाठची पट्टी तरी राखावी.

आपल्या कॉलेजात माझ्यासारखीच शेतकऱ्यांची मुले-मुली पुष्कळ आहेत. घरी आपले कोण ऐकतो, असे आपण म्हणतो. पण घरात वाचता येणारे आपणच, आणि औषधाच्या डब्यावरचा मजकूर वाचायला डबाही आपल्याच हातात देतात. तेव्हा या सुट्टीत गावी गेल्यावर एक सकाळ बांधावर काढावी, कोण येते कोण जाते ते पाहावे, आणि जे दिसेल ते घरच्यांना आपल्या भाषेत सांगावे, एवढीच माझी विनंती आहे.