नाताळची रोषणाई, गॅलरीचं ग्रिल आणि बाबांचा टेस्टर

मागचा एपिसोड ज्यांचा ऐकायचा राहिला त्यांच्यासाठी हा त्याचा लिखित भाग. मी जिथे अडखळलो आणि जिथे मागे आमच्या कुकरने शिट्टी मारली, तेवढं काढलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय नाताळच्या लाइटिंगचा. घरच्यांना घेऊन ती बघायला कुठे जायचं हे सांगणारच आहे, पण त्याआधी ती माळ आतून कशी चालते ते सांगायचंय. कारण आमच्या घरी या माळेवरून दोन वर्षं अबोला नाही म्हणता येणार, पण तसंच काहीतरी होतं.

झालं असं. आम्ही नालासोपारा पूर्वेला राहतो, तिसरा मजला, जुनी बिल्डिंग. दादाने स्टेशनबाहेरून दोन एलईडीच्या माळा आणल्या आणि गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला बाइंडिंग वायरने घट्ट आवळून बांधल्या. दिसत होतं झकास. माझी पुतणी तेव्हा पाच वर्षांची. ती ग्रिल धरून खाली बघत उभी होती आणि म्हणाली, "काका, ग्रिलला मुंग्या आहेत." मी आणि वहिनी मुंग्या शोधायला लागलो. बाबा आतून तसेच उठले, एक शब्द न बोलता मेन स्विच पाडला आणि अंधारात येऊन तिला उचलून आत नेलं.

बाबा वायरमन. पस्तीस वर्षं तेच काम केलंय. त्यांना त्या 'मुंग्या' कळल्या. मग सगळ्यांना लांब उभं करून त्यांनी मेन चालू केला आणि ग्रिलला टेस्टर लावला. टेस्टरमधला निऑन लागला. म्हणजे अख्खं ग्रिल फेजवर होतं. पुतणीच्या पायात रबरी चप्पल होती आणि लादी कोरडी होती म्हणून नुसत्या मुंग्यांवर भागलं. तिथेच आईने कपडे वाळत घातलेले असते, पाणी निथळत असतं, तर काय, ते मी आजही पुढे विचार करत नाही.

मी बीटेक आहे हे इथे सांगायला लाज वाटते. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर चांगल्या मार्कांनी सुटला होता, आणि मी मुंग्या शोधत होतो.

आता माळेच्या आत जाऊ. आपल्या घरात येते २३० व्होल्ट वीज. माळेतला जुन्या प्रकारचा चिमुकला बल्ब असतो समजा ६ व्होल्टचा. तो सरळ २३० ला जोडला तर क्षणात उडेल. म्हणून असे ३८ बल्ब एकामागोमाग एक, सिरीजमध्ये जोडतात. ३८ गुणिले ६, २२८. प्रत्येकाच्या वाट्याला आपापले सहा व्होल्ट येतात. एलईडीचंही तेच, फक्त आकडे वेगळे: लाल-पिवळ्याला साधारण दोन व्होल्ट लागतात, निळ्या-पांढऱ्याला तीनच्या आसपास, आणि करंट आवरायला मध्ये रेझिस्टर घालतात.

सिरीज म्हणजे एकच रस्ता. एक बल्ब गेला की रस्ता तुटला, सगळी माळ अंधारात. लहानपणी दिवाळीच्या आदल्या रात्री बाबा एकेक बल्ब हलवून बघत बसायचे ते यासाठी. यावर एक भारी युक्ती निघाली. काही बल्बांमध्ये फिलामेंटच्या खाली दोन तारांभोवती आणखी एक बारीक तार गुंडाळलेली असते, तिला शंट म्हणतात. तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे एरवी तिच्यातून वीज जात नाही. फिलामेंट तुटलं की अख्ख्या माळेचे २३० व्होल्ट त्या एकाच बल्बच्या दोन टोकांवर येतात, तो थर फुटतो आणि शंट रस्ता जोडून देते. तो बल्ब विझलेला राहतो, बाकीचे चालू.

पण फुकट काही नाही. आता २३० व्होल्ट ३७ जणांत वाटायचे. अजून दोन-चार गेले की उरलेल्यांवर आणखी ताण, ते जास्त तापतात, लवकर उडतात. आमच्या फील्डमधल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल: एक सर्व्हर पडला, त्याचा लोड बाकीच्यांवर, मग दुसरा पडला, आणि रात्री तीनला तुमचा फोन वाजतो. म्हणून गेलेला बल्ब लगेच बदलायचा. आणि बदलताना प्लग काढायचाच. मघाशी म्हटलं ना, तुटलेल्या जागी पूर्ण २३० उभे असतात! माळेच्या डबीवरचं बटण दाबून बंद करणं म्हणजे बंद नव्हे. प्लग भिंतीतून बाहेर.

इथेच आमच्या दादाचा गैरसमज होता, आणि बहुतेक सगळ्यांचा असतो. एलईडी दोन-तीन व्होल्टवर चालतो, वीज नगण्य खातो, मग त्याचा शॉक कसला? एलईडीच्या दोन टोकांमध्ये तीन व्होल्ट असतात हे खरं. पण तुम्ही त्या दोन टोकांमध्ये उभे नसता. तुम्ही असता तार आणि जमीन यांच्यामध्ये. फेजच्या बाजूची तार उघडी पडली असेल तर तिथे जमिनीच्या मानाने जवळजवळ पूर्ण २३० असतात, पुढे दिवा कितीही लहान असो. बाइंडिंग वायरने प्लॅस्टिकचं पातळ आवरण कापलं, तार ग्रिलला लागली, झालं.

मग एमसीबी का पडला नाही? एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. सहा, दहा, सोळा अँपिअर, असा त्याचा हिशोब. माणसाच्या जिवाला त्याच्या शेकडो पटींनी कमी करंट पुरतो. त्यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत येतोय का, हे ते बघतं. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या फरकाला सप्लाय तोडायला बनवलेला असतो. आमच्या बिल्डिंगमध्ये तो नव्हता. आता आमच्या घरी आहे, आणि वरच्या-खालच्या तीन घरांतही बाबांनी सांगून बसवून घेतलाय.

त्या दिवशी बाबा दादाला सगळ्यांसमोर खूप बोलले. जास्तच बोलले. दादा त्यानंतर माळेला हात लावायचा नाही, बाबा विषय काढायचे नाहीत, आणि नाताळ आला की समोरच्या गॅलरीतला स्टार बघून पुतणी विचारायची, आपली माळ कधी? दोन नाताळ असे गेले. तिसऱ्या वर्षी वहिनी म्हणाली, घरी नाही तर नाही, आपण दुसऱ्यांची बघायला जाऊ.

आम्हाला लांब जावं लागत नाही. पुलावरून पश्चिमेला उतरलं आणि थोडं पुढे गेलं की नालासोपारा संपतो आणि वसईची गावं लागतात. गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज. केळीच्या वाड्या, विहिरी, जुनी कौलारू घरं, आणि डिसेंबरात प्रत्येक दारात एक तारा. हे तारे म्हणजे आपल्या आकाशकंदिलाचे सख्खे चुलतभाऊ. पूर्वेकडच्या मागी लोकांना ताऱ्याने वाट दाखवली ही बायबलमधली गोष्ट, म्हणून तारा.

विजेची रोषणाई नाताळात आली ती १८८२ मध्ये. एडिसनच्या कंपनीतल्या एडवर्ड जॉन्सनने न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे, निळे असे ८० बल्ब लावले. त्याआधी झाडावर खऱ्या मेणबत्त्या असायच्या. वाळत चाललेलं झाड आणि त्यावर मेणबत्त्या, कल्पना करा.

वसईत बघायचे ते गोठे. येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याचा देखावा. गवत, माती, छोटी गुरं, कुठे पाण्याचा ओढा, आणि गल्लीतली पोरं रात्र रात्र जागून ते करतात. आपल्याकडच्या गणपतीच्या डेकोरेशनची आठवण येणारच. आम्ही २७ तारखेला गेलो आणि माझा सल्ला हाच राहील: २४ आणि २५ टाळा. ते त्यांचे प्रार्थनेचे आणि घरच्यांचे दिवस, रस्तेही भरलेले असतात. २६ पासून ३० पर्यंत निवांत बघता येतं. दारातला गोठा बघायचा तर विचारून आत जा. चर्चमध्ये मिस्सा चालू असेल तर बाहेर थांबा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पाचलाच निघा. आमच्या बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून दर दोन गोठ्यांनंतर कुठेतरी टेकायचं, असं ठरवूनच निघालो होतो.

पुतणीसाठी एक खेळ होता. मोबाइलवर स्लो मोशन लावून माळेचा व्हिडिओ काढायचा. साध्या एलईडीच्या माळा आपल्याला सलग लागलेल्या दिसतात, पण वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, तशा त्या विझत-लागत असतात. स्लो मोशनमध्ये ते लख्ख दिसतं. तिने येणाऱ्याजाणाऱ्या तीन अनोळखी पोरांना हे शिकवलं.

एका घरापुढचा गोठा खूपच सुंदर होता. बाबा बराच वेळ वाकून बघत राहिले. मला वाटलं गुडघा धरला. तेवढ्यात ते मला हळूच म्हणाले, "तो जॉइंट बघ." दोन माळा पिळून जोडलेल्या, वर नुसती चिकटपट्टी, आणि खाली सुकं गवत. पिळलेला जॉइंट सैल असला की तिथे उष्णता होते. चिकटपट्टी उष्णतेने सुटते. पुढचं सांगायला नको.

आता सांगायचं कसं? त्यांचा सण, त्यांचं अंगण, आपण पाहुणेसुद्धा नाही. मी म्हटलं, "जाऊ द्या बाबा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. मग ते घरातल्या काकांना म्हणाले, "काम फार छान केलंय पोरांनी. मी वायरमन होतो हो. तो एक जॉइंट मी करून दिला तर चालेल का?" काका क्षणभर बघत राहिले. मग आत कादोडीत काहीतरी ओरडले आणि एक मुलगा टेप आणि पक्कड घेऊन धावत आला. आमच्याशी ते मराठीत बोलत होते, आपसात कादोडीत.

बाबांना खाली बसता येत नव्हतं. दादा बसला. प्लग काढला, जॉइंट सोडवला, आणि बाबा वरून एकेक सांगत गेले: "आवरण अजून सोल. दोन्ही जॉइंट एका ठिकाणी नको, मागेपुढे कर. आता टेप ओढून लाव, अर्धी अर्धी एकमेकीवर." दादा करत गेला. दोन वर्षांत ते दोघं विजेबद्दल पहिल्यांदाच बोलत होते. काम झाल्यावर जॉइंट गवतातून उचलून मागच्या बांबूला बांधला. माळ लागली. काकूंनी केक, कलकल आणि करंज्या आणल्या. बाबांना शुगर आहे, त्यांनी दोन करंज्या खाल्ल्या, आणि आईने त्या वेळेपुरतं तिकडे लक्ष नसल्यासारखं केलं.

परत येताना रिक्षात बाबा म्हणाले, "उद्या ॲडॅप्टरवाली माळ आण." दादाने "आणतो" म्हटलं, बस.

ॲडॅप्टरवाली म्हणजे जिच्या प्लगमध्येच व्होल्टेज खाली आणलेलं असतं आणि माळेत मेनची वीज पोचतच नाही. थोडी महाग पडते. बॅटरीवरची किंवा यूएसबीवरचीही चालते. आमची आता ग्रिलला नाही, आतल्या बाजूला पडद्याच्या लाकडी दांडीला, सुती नाडीने बांधलेली आहे. दर वर्षी लावायच्या आधी ती जमिनीवर पसरायची, पूर्ण लांबी हातातून फिरवून बघायची, आणि मगच प्लग. हे काम आता पुतणीचं. बाबा खुर्चीवर टेस्टर खिशाला लावून बसतात. गेल्या वेळी तिने एक चिरलेली जागा शोधून काढली, तर ती माळ त्यांनी तिच्यादेखतच कापून टाकली. ती रडली. संध्याकाळी दुसरी आणली.