छावणीतलं माहेर

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि प्रशिक्षण छावण्या तरुणांनी भरल्या. मागोमाग त्यांच्या आया, बायका, बहिणी भेटीला येऊ लागल्या. कुणाच्या कडेवर तान्हं मूल. पण छावणीत त्यांनी टेकायचं कुठे? बाळाचं दूध गरम कुठे करायचं? मुलगा कवायतीतून कधी सुटेल, हे सांगणारंही कुणी नसे.

ही अडचण ओळखून वायडब्ल्यूसीए या स्त्रीसंघटनेने छावण्यांत ‘होस्टेस हाउस’ उभारली. पहिलं न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला, १९१७ मध्येच. शेकोटीभोवती खुर्च्या, स्वस्त खाणावळ, बाळांसाठी वेगळी खोली. इथल्या बायकांचं खरं कसब मात्र हजारोंच्या छावणीतून नेमका जवान शोधून आईसमोर आणण्यात होतं. हे काम कुठल्याही लष्करी कचेरीतल्या कामाइतकंच मोलाचं मानायला हवं.

यांतल्या बऱ्याच इमारतींचे आराखडेही स्त्रियांनीच केले. कॅलिफोर्नियातल्या कॅम्प फ्रीमाँटचं घर ज्युलिया मॉर्गन यांचं. त्या राज्यात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. युद्ध संपल्यावर ती इमारत उचलून पालो आल्टो गावात नेली आणि तिथे समाजकेंद्र सुरू झालं.

या पाहुणचाराला रंगभेदाची भिंत मात्र होती. कृष्णवर्णीय जवानांच्या कुटुंबांसाठी वेगळी घरं असत. त्यांतलं पहिलं लाँग आयलंडवरच्या कॅम्प अप्टनमध्ये उघडलं. ते चालवलं कृष्णवर्णीय स्त्रियांनी, आणि कृष्णवर्णीय कुटुंबांसाठीच्या या साऱ्या कामामागे वायडब्ल्यूसीएच्याच ईव्हा बाउल्स यांचं नेतृत्व होतं.