शर्यतीची नौका आणि प्रवासाची नौका

तुंग, तिकोना आणि लोहगड यांच्या परिसरात पसरलेल्या पवना जलाशयावर नैर्ऋत्येचा वारा घाटमाथा ओलांडून उतरतो, तेव्हा डोंगरांच्या अडसरामुळे तो सलग न वाहता झोतांनी येतो व घटकाघटकांनी आपला रोख बदलतो. असा लहरी वारा ज्या नौकेने जोखावा ती म्हणजे दिवसा शर्यतीत उतरणारी आणि रात्री चौघांना निजण्यापुरता आसरा देणारी छोटी शिडाची नौका होय. अमेरिकेतील रॉड जॉनस्टन यांनी आखलेली आणि १९७७ पासून कारखान्यात तयार होऊ लागलेली ‘जे-२४’ हा तिचा प्रसिद्ध नमुना आहे.

शिडाच्या फुगीर बाजूवरून वारा वेगाने वाहतो, तेथील दाब उतरतो आणि शीड त्या दिशेस ओढले जाते. या ओढीचा मोठा अंश नौकेस आडवे ढकलणारा असला, तरी तळाखालचे उभे पाते, म्हणजे कील, त्यास अटकाव करते व उरलेला अंश तिला पुढे नेतो. म्हणूनच वाऱ्याच्या रोखाशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, नागमोडी वळणे घेत, वारा येतो त्या दिशेसही जाता येते. सुमारे १,४०० किलो वजनाच्या जे-२४ मध्ये ४३० किलो शिसे कीलमध्ये भरलेले असल्यामुळे झोताने कललेली नौका पुन्हा सावरते. शिवाय डोलकाठीच्या माथ्यापासून मागील टोकापर्यंत ताणलेली तार आवळली, की काठी किंचित वाकते, शीड सपाट होते आणि ते न उतरविताच त्यावरील वाऱ्याचा जोर कमी होतो.

वेगाला मात्र लांबीची मर्यादा असते, कारण स्वतःच उठविलेल्या लाटेच्या दोन शिखरांमध्ये नौका अडकून पडते. पाण्याच्या पातळीवरील २० फूट लांबीस ही मर्यादा सुमारे ६ नॉट, म्हणजे ताशी ११ किलोमीटर ठरते. मागून जोराचा वारा असता हलकी नौका लाटेवर चढून ही मर्यादा ओलांडू शकते. परंतु प्रवासाची शिदोरी, पाण्याची पिंपे आणि बिछाने यांचा बोजा चढला, की हा हलकेपणा संपतो. जे-२४ च्या रचनेत शर्यतीचे पारडे जड असल्यामुळे तिच्या खोलीत सरळ उभे राहता येत नाही. याउलट, भारतीय सैन्याच्या ज्या अभियंता दलाचे महाविद्यालय मावळच्या वाटेवर दापोडीस आहे, त्याच दलाच्या अधिकाऱ्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ३७ फुटांच्या ‘तृष्णा’ नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा शिधासामग्रीच्या तजविजीला वेगाइतकेच महत्त्व होते.

जे-२४ ची कील ४ फूट खोल जाते. उन्हाळ्यात पवनेचे पाणी ओसरले, की अशी अचल कील काठापासून दूरच जमिनीस टेकेल; वर ओढता येणारी कील ही अडचण टाळते, पण तिच्यासाठी नौकेच्या पोटातील जागा खर्ची पडते. यास्तव नौका घेणाऱ्याने वेगाची चौकशी करण्याआधी आपल्या पाण्याच्या खोलीची चौकशी करावी.