वानखेडे : हट्टातून उभं राहिलेलं मैदान

चर्चगेटला उतरलं की एका बाजूला ब्रेबॉर्न स्टेडियम आणि रुळांना लागून वानखेडे. दोन्हींमध्ये जेमतेम पाच-दहा मिनिटांची चाल. एवढ्या जवळ दुसरं स्टेडियम बांधायची वेळ शहरावर का आली?

ब्रेबॉर्न १९३७मध्ये सुरू झालं. त्याची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची आणि नाव मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचं. कसोटी सामने व्हायचे ते क्लबच्या जागेत. पण शहरातलं क्रिकेट चालवायची मुंबई क्रिकेट असोसिएशन. सामन्याची किती तिकिटं असोसिएशनला मिळावीत, यावरून दोघांत वर्षानुवर्षं ताणाताणी चालली. ती इतकी विकोपाला गेली की १९७३च्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीनंतर असोसिएशननं स्वतःचंच स्टेडियम बांधायचं ठरवलं.

या निर्णयामागे उभे होते शेषराव कृष्णराव वानखेडे. मूळचे विदर्भातले राजकारणी, तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष आणि क्रिकेट असोसिएशनचेही प्रमुख. वास्तुविशारद शशी प्रभू यांनी आराखडा केला आणि अवघ्या तेराएक महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथं पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा केल्या आणि वेस्ट इंडीजनं सामन्यासह मालिकाही जिंकली.

त्याच कसोटीत या मैदानावरचं पहिलं भारतीय शतक झळकलं, एकनाथ सोलकरचं. मरीन ड्राइव्हवरच्या हिंदू जिमखान्याचं मैदान राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. कसोटीतलं त्याचं हे एकमेव शतक, तेही घराजवळच्या या नव्या मैदानावर.

पुढे रवी शास्त्रीनं १९८५मध्ये बडोद्याच्या तिलक राजला एकाच षटकात सहा षटकार मारले ते इथंच. २०११च्या विश्वचषकासाठी स्टेडियमची पुनर्बांधणी झाली. आसनं कमी होऊन सुमारे ३३ हजारांवर आली. त्या मैदानात २ एप्रिल २०११ रोजी धोनीच्या षटकारानं भारत विश्वविजेता झाला. २०१३मध्ये सचिन तेंडुलकर आपली दोनशेवी आणि अखेरची कसोटी इथंच खेळला. डिसेंबर २०२३मध्ये भारतीय महिलांनी कसोटीत ऑस्ट्रेलियाला प्रथमच हरवलं, तेही याच खेळपट्टीवर.

खेळाडूंची नावं स्टँडना मिळाली : विजय मर्चंट, सुनील गावसकर, सचिन तेंडुलकर. २०२५मध्ये त्यांत अजित वाडेकर आणि रोहित शर्मा यांची भर पडली. १९७३च्या त्या ब्रेबॉर्न कसोटीत भारताचे कर्णधार वाडेकरच होते.

स्टेडियमला खेळाडूऐवजी प्रशासकाचं नाव का, असं अनेकांना वाटतं. मला ते नाव योग्य वाटतं. ब्रेबॉर्नला गव्हर्नरचं नाव मिळालं ते त्याच्या पदामुळे. वानखेडे यांनी मात्र शहराच्या क्रिकेटला हक्काचं घर मिळवून दिलं. ज्यानं मैदान उभं केलं, त्याचं नाव दारावर आणि ज्यांनी शहराचं क्रिकेट गाजवलं, त्यांची नावं आत, ही वाटणी न्यायाचीच आहे.