विश्लेषण : बाइकवर जीपीएस बसवताना नेमके कुठे चुकते? बॅटरी का उतरते, फोनचा कॅमेरा का बिघडतो?

शनिवारी पहाटे पुण्याहून निघायचे, मुळशीमार्गे ताम्हिणी घाट उतरायचा आणि दुपारच्या जेवणाला कोकणात पोहोचायचे, हा अनेक बाइकस्वारांचा ठरलेला बेत. रस्ता दाखवायला हँडलवर मोबाइल किंवा जीपीएस आणि तो चालू ठेवायला बॅटरीवरून घेतलेला चार्जर. हे सगळे बसवायला जेमतेम अर्धा तास लागतो. मात्र काही आठवड्यांनी एका सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक टक’ आवाज येतो. कुणाच्या फोनचा कॅमेरा फोकसच घेईनासा होतो. अशा तक्रारींत उपकरण बऱ्याचदा ठणठणीत असते, घोळ झालेला असतो तो बसवण्यात. हा घोळ कसा टाळायचा, याविषयी…

नेव्हिगेशनसाठी पर्याय कोणते?

पहिला पर्याय अर्थातच फोन. गुगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकीसाठी वेगळा मोड भारतात सुरू केला आणि तेव्हापासून बहुतेकांचा नकाशा हाच आहे. दुसरा पर्याय बाइकसाठी खास बनवलेले स्वतंत्र जीपीएस. ते पाणी आणि हादरे सहन करते, हातमोजे घालून वापरता येते आणि उन्हातही नीट दिसते. मात्र किंमत जास्त. तिसरा पर्याय बाइकसोबतच येणारा डिस्प्ले. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२० मध्ये मिटिऑर ३५० सोबत आणलेला ‘ट्रिपर’ हे त्याचे उदाहरण. तो वळणाचे बाण दाखवतो, पण ती माहिती ब्लूटूथने जोडलेल्या फोनकडूनच येते. म्हणजे फोन खिशात असला तरी त्याची बॅटरी खर्च होतेच.

घाटात रेंज गेली की जीपीएस बंद पडते का?

नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत संदेश पाठवत असतात. किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की फोन स्वतःच आपली जागा मोजतो. त्यासाठी मोबाइल नेटवर्क लागत नाही. नेटवर्क लागते ते नकाशा उतरवून घ्यायला. म्हणूनच घाटात रेंज गेली की निळा ठिपका पुढे सरकत राहतो, पण त्याच्याखालचा रस्ता दिसेनासा होतो. निघण्यापूर्वी त्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवला की हा प्रश्न सुटतो.

उभ्या बाइकची बॅटरी का उतरते?

सर्वाधिक होणारी चूक म्हणजे चार्जरच्या दोन्ही वायरी थेट बॅटरीला जोडणे. अशा वेळी किल्ली काढली तरी चार्जर चालूच राहतो. त्यावर छोटा दिवा किंवा व्होल्टमीटर असेल, तर तो साधारण २० मिलीअँपिअर करंट खेचू शकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण गणित करून पाहा. २४ तासांत हा वापर ४८० मिलीअँपिअर-तास, म्हणजे जवळपास अर्धा अँपिअर-तास होतो. बाइकची बॅटरी ४ अँपिअर-तासांची असेल, तर चार दिवस उभ्या बाइकची निम्मी बॅटरी त्या दिव्यानेच खाल्लेली असते. सेल्फ मोटरला सुरू होताना क्षणभर मोठा करंट लागतो, तो मग मिळत नाही. अनेक नव्या बाइकना किकच नसल्यामुळे धक्का मारण्यावाचून पर्याय उरत नाही आणि बॅटरी पुरतीच बसलेली असेल तर फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला धक्क्याचाही उपयोग होत नाही.

मग हॉर्नच्या किंवा हेडलाइटच्या वायरीतून करंट घ्यावा का?

गॅरेजमध्ये अनेकदा हाच उपाय केला जातो. किल्ली बंद केली की चार्जर बंद, त्यामुळे बॅटरी वाचते. पण धोका वेगळा आहे. त्या वायरीचा फ्यूज तुमच्या चार्जरसाठी नसतो. त्याच फ्यूजवर हेडलाइट, इंडिकेटर किंवा इग्निशनही असू शकते. पावसाचे पाणी शिरून चार्जर शॉर्ट झाला, तर फ्यूज उडतो आणि त्यासोबत हे सगळेच बंद पडते. रात्री घाटाच्या वळणावर हेडलाइट जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. शिवाय कंपनीची मूळ वायर सोलून जोड मारला असेल, तर वायरिंगवरची वॉरंटी नाकारली जाऊ शकते.

योग्य जोडणी कशी असते?

फ्यूज आणि रिले वापरून. रिले म्हणजे छोट्या करंटवर चालणारा स्विच. त्याच्या पायांवर आकडे असतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली वायर फ्यूजमधून ३० क्रमांकावर, तिथून ८७ वरून चार्जरला. किल्ली चालू केल्यावरच करंट येणारी एखादी वायर ८६ वर आणि ८५ अर्थिंगला. चार्जरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. यात बाइकच्या मूळ वायरीवर रिलेच्या कॉइलपुरताच नगण्य भार पडतो. चार्जर शॉर्ट झाला तर त्याचाच फ्यूज उडतो, हेडलाइट शाबूत राहतो.

यूएसबी चार्जरला ३ अँपिअरचा फ्यूज सहसा पुरतो. तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कसलेच संरक्षण नसते. ती पेट्रोलच्या टाकीखाली फ्रेमवर घासून उघडी पडली, तर आग लागू शकते. काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवावी आणि शेवटी जोडावी. उलट केले आणि पाना फ्रेमला टेकला, तर ठिणगी उडते. बाइकला कंपनीने दिलेला ॲक्सेसरी कपलर किंवा यूएसबी सॉकेट असेल, तर ही सगळी यातायात वाचते. हाताला सवय नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, मात्र ‘रिले आणि वेगळा फ्यूज टाका’ असे स्पष्ट सांगावे.

कंपनामुळे कॅमेरा खरेच बिघडतो का?

हो. अनेक फोनमध्ये हाताच्या थरथरीने फोटो हलू नये म्हणून लेन्स किंवा सेन्सर सूक्ष्म चुंबकांच्या आधारे तरंगता ठेवलेला असतो. मोठ्या इंजिनाचे कंपन हँडलमार्फत याच भागापर्यंत पोहोचते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनेच इशारा दिला की अशा कंपनाच्या दीर्घ संपर्कामुळे आयफोनच्या कॅमेऱ्याची क्षमता घटू शकते. शक्तिशाली इंजिनाच्या बाइकवर फोन थेट बसवू नये आणि स्कूटर-मोपेडवरही कंपन शोषणारा माउंट वापरावा, असा सल्ला कंपनीने दिला. मोठ्या सिंगल सिलिंडर बाइकवर हँडलची थरथर किती असते, हे चालवणाऱ्याला माहीत आहेच. रबरी डॅम्पर असलेला माउंट घेणे किंवा कॅमेऱ्याची चिंता नसलेला जुना फोन वापरणे, हे दोन व्यवहार्य मार्ग आहेत.

माउंट कुठे बसवावा?

स्पीडोमीटर आणि इंडिकेटरचे दिवे झाकले जाणार नाहीत, पण रस्त्यावरून नजर फार खाली न्यावी लागणार नाही, अशा जागी. त्यानंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. वायर ताणली जात असेल किंवा फ्रेममध्ये चिमटत असेल, तर ती काही महिन्यांत आतून तुटणार हे नक्की. वायर सायलेन्सर आणि इंजिनापासून दूर ठेवून केबल टायने बांधावी. पावसाळ्यात सॉकेटला झाकण हवेच. फोन ‘आयपी ६७’ दर्जाचा असला तरी त्याचा चार्जिंग पोर्ट ओला असताना चार्जिंग करू नये.

कायदा काय सांगतो?

१ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार, वाहन चालवताना हातातील संपर्क उपकरण केवळ मार्ग पाहण्यासाठी वापरता येते आणि तेही चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा पद्धतीने. याखेरीज गाडी चालवताना फोन हाताळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ नुसार कारवाई होऊ शकते. पहिल्या गुन्ह्यासाठी एक हजार ते पाच हजार रुपये दंडाची आणि कैदेचीही तरतूद त्यात आहे. त्यामुळे माउंटवर फोन असणे गुन्हा नाही, पण चालत्या बाइकवर त्यात पत्ता टाइप करणे महागात पडू शकते.

यामागचे कारण साधे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगात दोन सेकंद स्क्रीनकडे पाहिले, तर बाइक सुमारे ३३ मीटर पुढे गेलेली असते, तीही न बघता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दुचाकीस्वारांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते.

निघण्यापूर्वी काय तपासाल?

मल्टिमीटर लावून किल्ली बंद असताना चार्जरच्या वायरीत शून्य व्होल्ट आणि चालू केल्यावर १२ व्होल्टच्या आसपास येतात का, हे पाहावे. इंजिन थोडे रेस केल्यावर बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. सीटखाली एक जादा फ्यूज ठेवावा. पत्ता घरीच टाकावा आणि पहिली दोन-तीन वळणे वाचून ठेवावीत. वाटेत मार्ग बदलायचा असेल, तर बाइक रस्त्याच्या कडेला घ्यावी. चहाची टपरी त्यासाठी उत्तम जागा. तिथे फोन हातात घेतला तर दंडही नाही आणि रस्ता चुकला असेल, तर टपरीवाला तो नकाशापेक्षा लवकर सांगतो.