बिल्ड होतं, मग इन्स्टॉल का अडतं?



आमच्या टीमने रस्ट भाषेत एक छोटं टूल लिहिलं होतं. पगाराची फाइल बँकेकडे जाण्याआधी ते तिच्यातल्या चुका शोधायचं. महिनाअखेरीच्या संध्याकाळी ते नव्या सर्व्हरवर बसवायचं होतं. माझ्या लॅपटॉपवर ‘कार्गो बिल्ड’ विनातक्रार झालं. सर्व्हरवर त्याच कोडवर ‘कार्गो इन्स्टॉल’ दिलं आणि एररची रांग लागली. कंपायलरची आवृत्तीही तीच. तासभर मी आमचाच कोड तपासत बसलो. चूक तिथे नव्हतीच.

हे समजायला वाणसामानाचं उदाहरण घेऊ. घरची यादी म्हणते, ‘तूरडाळ एक किलो’. दुकानाचं बिल सांगतं, नेमकी कुठली डाळ आली. ‘कार्गो डॉट टॉमल’ ही यादी आणि ‘कार्गो डॉट लॉक’ हे बिल. यादीत एखाद्या लायब्ररीपुढे ‘१.२’ लिहिलं, तर त्याचा अर्थ १.२.० पासून २.० च्या आतली कुठलीही आवृत्ती चालेल. लॉक फाइलमध्ये मात्र एकच नेमकी आवृत्ती असते.

आता खरी गोम. ‘कार्गो बिल्ड’ बिल बघतं. ‘कार्गो इन्स्टॉल’ मात्र आपण सांगितलं नाही तर बिल बाजूला ठेवतं आणि यादी घेऊन पुन्हा बाजारात जातं. आमच्या बाबतीत लायब्ररीच्याही लायब्ररीची नवी आवृत्ती आली होती आणि तिला आमच्यापेक्षा नवा कंपायलर हवा होता.

उपाय एका शब्दाचा: इन्स्टॉलला ‘--लॉक्ड’ हा पर्याय जोडा. मग तेही बिलाप्रमाणेच सामान आणतं. आमचं टूल बसलं आणि फाइल वेळेत गेली.

जावास्क्रिप्टवाल्यांनो, तुमच्याकडे ‘एनपीएम इन्स्टॉल’ आणि ‘एनपीएम सीआय’ अशी जोडी आहे. यादी आणि लॉक फाइल जुळत नसेल, तर पहिली कमांड लॉक फाइल बदलते. दुसरी तिला हात लावत नाही, एरर देऊन थांबते. म्हणून सर्व्हरवर दुसरीच वापरा.

पण कुलूप लावलं म्हणजे निर्धास्त झालो, असंही नाही. जुलै २०२४ मध्ये रस्ट १.८० आलं आणि ‘टाइम’ या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या कंपाइल होईनात. तेव्हा ज्यांच्या लॉक फाइलमध्ये त्या होत्या, त्यांची गाडी ‘--लॉक्ड’ लावल्यामुळेच अडली. शिवाय जुन्या बिलाबरोबर सुरक्षेच्या जुन्या त्रुटीही येतात. तेव्हा अधूनमधून, सवडीच्या दिवशी, ‘कार्गो अपडेट’ चालवा, टेस्ट घ्या आणि नवी लॉक फाइल जपून ठेवा. महिनाअखेरीच्या संध्याकाळी मात्र हा प्रयोग नको!

आजचा गृहपाठ: तुमच्या प्रोजेक्टमध्ये ‘कार्गो ट्री’ चालवा. आपण मागवलेल्या चार लायब्रऱ्यांमागून किती पाहुणे घरात शिरलेत, ते मोजा. भेटू पुढच्या भागात.